बांधीचं दुसरं तोंड

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणीतरी सोल्डरिंग करत होतं. तो जळका, गोडसर वास आला आणि मी सावली गावाजवळच्या आमच्या शाळेत, दहावीच्या वर्गात जाऊन बसलो.

त्या दिवशी रोध सोल्डर करता करता सरांनी विचारलं होतं, "एका रोधाले समांतर दुसरा जोडला, तं एकूण रोध कमी काऊन होते?" जो सांगेल तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता. मला फार जायचं होतं. सूत्र पाठ होतं, पण कारण ठाऊक नव्हतं.

सुषमा उठली. तिचं शेत आमच्या शेताला लागूनच; दोन्हीकडे बांध घालून पाणी साठवलेले धानाचे वाफे, म्हणजे बांध्या. "सर, धानाच्या बांधीले पानी जायाले एक तोंड असते. बाजूले दुसरं फोडलं तं पानी जास्तच निंगते. तोंड अरुंद असलं तरी वाट वाढली ना!"

सर हसले. "प्रदर्शनाले तूच जाशीन."

शेजारचा राजू माझ्या कानात म्हणाला, "काऊन बे, बांधी तं तुह्या घरीबी हाय!"

माझ्या नखांत तेव्हा चिखल होता. त्याच सकाळी मी बाबांसोबत बांधीला दुसरं तोंड फोडून आलो होतो. मी आतून जळत होतो. आता वाटतं, पाणी दोघांच्याही बांधीतून वाहत होतं, पाहिलं मात्र तिनं.

आज सोबतच्या मुलाला समांतर जोडणी कळेना, तेव्हा मी बांधीच सांगितली. "भारी सुचलं तुला," तो म्हणाला.

"मला नाही, सुषमाला," मी म्हणालो. एवढ्या वर्षांनीही ते नाव घेणं सोपं गेलं नाही.