पुतळाबाईचा पहिला घास

पुतळाबाई मूळची साक्रीकडची. नवऱ्यामागे, सुकदेवमागे, सिल्वासाला आली, आमलीतल्या चाळीत राहिली आणि जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत रिळं भरता भरता तिच्या खांद्यांचा पार खुळखुळा झाला. चाळीत तिला मान एकाच गोष्टीचा: रानातली अळंबी तिनं ओळखावी. श्रावण-भादव्यात जो तो पाटी घेऊन तिच्या दारात.

तिच्या गावाकडे एक रीत होती, ती तिनं चाळीतही चालवली. जो अळंबी चांगली म्हणेल, त्यानं शिजल्यावर पहिला घास खायचा, मग बाकीच्यांनी. नुसतं बोलायला कुणाचं काय जातं?

नव्वद सालच्या भादव्यात बदलीची बाई आली नाही म्हणून तिनं लागोपाठ दोन पाळ्या ओढल्या. सकाळी घरी येऊन आडवी होते न होते तोच शेजारची जया पाटी घेऊन हजर.

"वारुळवरनी शे का?" पुतळाबाईनं पडल्या पडल्या विचारलं.

"कंपनीमागं मातीचा ढीग आहे ना मावशी, त्यावरची."

वारूळ कुठं आणि हिरवळीसाठी आणून टाकलेली माती कुठं! एरवी तिनं वारुळातल्या अळंबीचं लांब मूळ चाचपून पाहिलं असतं, उमललेली छत्री उलटी केली असती. फसवी अळंबी कोवळेपणी खरीसारखीच पांढरीशुभ्र असते. जून झाली की पोटाखाली हिरवट पडते. पण डोळे उघडे राहतील तर ना. वरच्या दोन कळ्या बघून ती म्हणाली, "चांगली शे. रांध."

दुपारी जयानं वाटी आणली. "ठेव, खाते मी," म्हणून पुतळाबाई कूस बदलून झोपली. तिनं खाल्लं असं समजून जयाच्या घरी सगळे जेवले.

ओकाऱ्यांच्या आवाजानं तिला जाग आली. जया, तिचा नवरा गोकुळ आणि लहानगी गुड्डी, तिघांना सुकदेवनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटी उशाशी तशीच झाकलेली होती. जयाच्या पाटीत तळाशी एक जून छत्री उरली होती. पुतळाबाईनं ती उलटी केली. हिरवी.

जीव कुणाचा गेला नाही. जया भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडलीही नाही. फक्त चाळीत कुणी पुन्हा पाटी आणली नाही, आणि पुतळाबाईला कामावरून घरी यायचं जिवावर येऊ लागलं.

पुढच्या भादव्यात ती रातपाळी करून आली, तर दारात जया. हातात पाटी. पुतळाबाईला रडायला आलं, पण रडायलाही अंगात बळ लागतं.

"आत्ता नको, पोरी. आधी माले झोपू दे."

"झोप मावशी. मी बसते."

दुपार कलल्यावर ती उठली. जया उंबऱ्यातच होती, चाळीतल्या पोरांना गप्प बसवत. पुतळाबाईनं तोंडावर पाणी मारलं, देठ न् देठ चाचपला, प्रत्येक छत्री उलटी करून पाहिली. मग स्वतःच्याच स्टोव्हवर भाजी शिजवली आणि जयाच्या देखत पहिला घास तोंडात घातला.

दुसरा घास जयानं तिच्याच ताटलीतून उचलला.