बारमाही पाण्याचं स्थळ

हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगताना एकाच्या नाकात चहा गेला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. माझ्या गाढवपणात आता आणखी भर नको.

गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. मी नाशकातल्या इंदिरानगरात खोली घेऊन एकटाच राहायचो. खिडकीसमोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा आणि ऑफिसात माझ्या समोरच शुभदा बसायची. बास, तुम्ही समजायचं ते समजलात! वर्षभर आम्ही फायली, पंखा आणि चहा एवढ्याच विषयांवर बोलत होतो. खरा विषय ओठांवर यायचा आणि तिथूनच परत घशात जायचा.

एकदा तीच म्हणाली, "नाशिकच्या बाहेर असं कधी जाणंच होत नाही हो."

"रविवारी जाऊ की!" हे माझ्या तोंडून बाहेर पडलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

तिच्या घरून परवानगी मिळाली, पण थोरला भाऊ मिलिंद बरोबर येणार या अटीवर. जीपही त्याचीच. म्हटलं, येऊ दे. डोंगरावर पोचलो की त्याला काहीतरी आणायला पाठवू आणि तेवढ्यात शुभदाला विचारून टाकू. मोकळ्या वाऱ्यावर आपल्यालाही कंठ फुटेल.

आता जायचं कुठे? अख्खा जिल्हा मला पाठ आहे, असं मी तिला ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे मला घर ते ऑफिस एवढाच रस्ता पाठ होता. तेव्हा आप्पा आठवले. आप्पा म्हणजे ऑफिसातल्या एका मित्राचे मामा, नामपूरचे कांद्याचे व्यापारी. नाशकात आले की ऑफिसात डोकावायचे आणि दर वेळी मला विचारायचे, "मग साहेब, लाडू कधी?" त्यांच्या बागलाण तालुक्यात डोंगर म्हणाल तर हवे तेवढे. मी एसटीडी बूथवर गेलो आणि खरखरत्या लाइनवर ओरडलो,

"आप्पा, तुमच्या भागात एखादं चांगलं स्थळ आहे का? रविवारी बघून जाऊ म्हणतो!"

पलीकडून आप्पा असे गरजले की फोनची गरजच नव्हती. "शे ना! एक नंबर स्थळ शे! कधीची वाट बघून राहिलो मी तुमच्या तोंडून ऐकायची!"

केवढं हे गावाबद्दल प्रेम, मी मनात म्हटलं.

"पण गोंगाट नको हं आप्पा."

"छे हो! लय शांत. आवाज म्हणून ऐकू यायचा नाय."

"फार लोकांना माहीत नाही ना?"

"यंदाच तर बघायला काढलं. एकच पार्टी येऊन गेली, पण त्यांचं काय जमलं नाय."

"आणि पाणी?"

"बारमाही! दोन विहिरी हायेत!"

आपण धबधब्याबद्दल विचारतोय आणि हा माणूस विहिरी का सांगतोय, अशी शंका यायला हवी होती की नाही? नाही आली!

"फोटो पाठवू का?"

"नको, फोटोत काय कळणार? प्रत्यक्षच बघू."

"शाब्बास! मोठी माणसं कोण येतील?"

"मोठी माणसं कशाला? त्यांना झेपायचं नाही. आम्ही तिघंच."

"नव्या जमान्याचे तुम्ही," आप्पा कौतुकाने म्हणाले आणि लाइन तुटली.

तुम्हाला पहिल्याच वाक्याला कळलं ना? मला नाही कळलं.

रविवारी मी सजलो तो असा: खाकी अर्धी चड्डी, फुलाफुलांचा शर्ट, गोल टोपी आणि गळ्यात शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण. देवळा, सटाणा मागे पडले, डोंगर जवळ यायला लागले. शुभदा खिडकीतून बघत गुणगुणत होती आणि मी डोंगरावर म्हणायचं वाक्य मनातल्या मनात घोकत होतो.

नामपुरात आप्पा पांढरी टोपी घालून उभेच होते. त्यांची नजर माझ्या उघड्या गुडघ्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"असेच आलात?"

"मग! अशा कामाला सुटसुटीत बरं."

आप्पांनी आम्हाला एका मोठ्या घरात नेलं. ओसरीवर दहा-बारा माणसं ओळीने बसलेली. मुलगा कोण हे कळेना म्हणून घरमालकांनी मिलिंदच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून त्यालाच नमस्कार घातला. आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. घरमालकांचे हात तसेच जोडलेले राहिले.

मग चौकशी सुरू झाली. नोकरी काय, घरी कोण कोण, शेती किती. मी शुभदाला हळूच म्हटलं, "बघितलंत? शहरात कोण विचारतं एवढ्या आपुलकीने?" तिने ओढणी तोंडाला लावली होती. मला वाटलं, धूळ.

"या तुमच्या बहीण वाटतं?" एकाने विचारलं.

"बहीण नाही!" मी जवळजवळ किंचाळलो.

"मग कोण?"

अख्खी ओसरी माझ्याकडे बघायला लागली. शुभदासुद्धा. ओढणी बाजूला झाली होती आणि ती हसत नव्हती. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं आणि मी म्हणालो, "सहकारी. आस्थापना विभाग."

घरमालक खाकरले. "बरं, मग बघायचं ना?"

"हो तर! ऊन चढायच्या आत उरकून टाकू. आणि पसंत पडलं तर पुढच्या वेळी सगळ्या ऑफिसला घेऊन येतो!"

घरमालकांनी आप्पांकडे पाहिलं आणि आप्पांनी गोठ्यातल्या म्हशीकडे.

तेवढ्यात आतून साडी नेसलेली एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी बशी उचलली.

"विचारा, काय विचारायचं ते," आप्पा म्हणाले.

"ताई," मी दुर्बीण सरसावली, "धबधबा कुठल्या बाजूला आहे?"

मुलीने आधी दुर्बिणीकडे पाहिलं, मग चड्डीकडे. "आमच्याकडे धबधबा नाही," ती म्हणाली आणि फिस्सकन हसून आत पळाली. आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "हाऊ पोऱ्या येडा शे का?"

"अहो आप्पा, ते स्थळ..." मी पुटपुटलो.

"तेच तर स्थळ होतं!" आप्पांनी कपाळावर हात मारला.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी ताडकन उठलो, दुर्बीण बशीवर आपटली आणि पोहे उडाले ते थेट घरमालकांच्या टोपीवर. मी माफी मागत होतो, आप्पा त्यांची टोपी झटकत होते, मिलिंद शांतपणे पोहे खात होता. निघताना आतून निरोप आला की मुलीला मुलगा पसंत नाही. म्हणजे बघा, मी मुलगी बघायला गेलोच नव्हतो आणि नकार मात्र घेऊन आलो!

परत येताना देवळा मागे टाकल्यावर शुभदा हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शांत झाली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक विचारू? तुमच्या माहितीत एखादं चांगलं स्थळ आहे का? लांबचं नको. रोज डोळ्यांसमोर असतं, पण कोणी पुढे होत नाही, असं."

मिलिंदने गाडीचा वेग कमी केला. तोसुद्धा कान देऊन ऐकत होता.

मी खडबडून सरळ बसलो. गेलेली अब्रू परत मिळवायची संधी! या वेळी चुकायचं नाही, अचूक सांगायचं.

"आहे ना!" मी म्हणालो. "पांडवलेणी!"

मिलिंदने जीप जोरात पळवली. शुभदा नाशिक येईपर्यंत बाहेरच बघत होती. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला खोलीवर पोचून बूट काढताना कळला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती फायलींबद्दल बोलली आणि मी पंख्याबद्दल.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा नाशिकरोडचा, बँकेतला. रजा संपवून परत आली तेव्हा सगळ्यांना पेढे वाटत वाटत माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "काल संध्याकाळी आम्ही दोघं पांडवलेण्यांवर गेलो होतो. स्थळ चांगलं सुचवलंत हं!"