डाळ न शिजवणारं पाणी

चिंचवडहून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत वही, मोजपट्टी आणि डबा. नाशिक फाट्याला एसटी मिळाली. भोसरीला एका कारखान्याच्या हिरवळीवर नळीने पाणी मारत होते. मोशीचा पूल ओलांडल्यावर कांद्याचे वाफे लागले. चाकणला उतरून पुढे तासभर बैलगाडीने वाडी.

दुष्काळात आमच्या महिला मंडळाने खटपट करून इथे बोअर पाडून घेतली होती. ओढ्याचं पाणी पिऊन थोरला नातू हगवणीने गेल्यावर अर्जावर पहिला अंगठा वाडीतल्या हौसाबाईने उठवला होता. दोन वर्षांनी मी तपासणीला आले होते. पंप चालू. ओटा शाबूत. सांडपाण्याला चर आहे. वहीतल्या कलमांपुढे खुणा करत गेले. पण पंपावर एकच बाई, तीही म्हशीसाठी पाणी काढत होती.

हौसाबाईने घोंगडी टाकली, चहा दिला.

"रंग छान आलाय," मी म्हणाले.

"वढ्याचं पानी हाय. बोअरच्या पान्याचा चहा काळा पडतोय, पावण्याला कसा द्यावा?"

"मग बोअरचं काय करता?"

"वाडीला त्ये धुन्याला, म्हशीला. बाई, त्यात डाळ शिजत न्हाई. दोन येळचं जळण घाला, दाणा तसाच. आमचं मालक ताट सारून म्हनत्यात, डाळीच्या कोरड्यासात खडं घातलंस व्हय गं?"

पाणी जड होतं, खडकातल्या क्षारांचं. माझ्या वहीत त्यासाठी कलमच नव्हतं.

"ओढ्याचं रांधायला ठेवा, बोअरचं प्यायला. दोन वेगळे हंडे."

दारातली शेजारीण हसली. "ती त्येच करती की! साऱ्या वाडीत येकटीच. दोन हंड्याची म्हातारी म्हनत्यात तिला."

हौसाबाई हसली नाही. मला आत घेऊन गेली. दोन हंडे होते, ओढ्याच्या पाण्याच्या हंड्याला चिंधी बांधलेली. पलीकडे गोधडीवर तिची पाच वर्षांची नात मंगल, डोळे खोल गेलेली.

"परवा आमी समदी रानात. पोरीला तहान लागली, चिंधीच्या हंड्यातलं प्याली. चिंधी कशापायी ते मला ठावं, तिला कुठनं? रातीपासनं हगवन. काल वाटलं, उतार पडंल."

मीठसाखरेचं पाणी चमच्याने पाजलं. पोटात टिकलं नाही. ज्या गाडीने आले होते तीच पुन्हा जुंपायला लावली, चाकणच्या दवाखान्यासाठी. वाटभर नाडी बघून वहीत मांडत होते. चाकणच्या कांद्याच्या वखारी दिसू लागल्या.

"बाई, वही ठिवा आता," हौसाबाई म्हणाली. "पोर गार पडली."

गाडीवानाने न विचारता बैल थांबवले. मी उतरले आणि गाडी वाडीकडे वळली. एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.

घरी सवयीने डाळ टाकली. नळाच्या पाण्यात ती बघता बघता मऊ झाली. दोन वर्षांपूर्वी मूठभर डाळ सोबत नेली असती तर तेव्हाच कळलं असतं. वहीत नवं कलम लिहिलं: डाळ शिजते का? मग पुढचं कलम आलं: शिजत नसेल तर काय करायचं? दुसरी बोअर पाडली तरी खडक तोच, पाणी तेच. त्या कलमापुढची जागा अजून कोरी आहे.