थोरलीचा अंगठा

पार्लरमध्ये दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या, म्हणून येणाऱ्या बायका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. नखं करायची ती थोरली. खिडकीजवळची खुर्ची तिची, समोरचं अरुंद टेबल तिचं, टेबलावरचा निळा दिवाही तिचाच, असं सगळे धरून चालत. एखादीनं चावून चावून बोटांची पार वाट लावलेली असली, तरी थोरली त्यांवर अशी नखं चढवायची की नवऱ्यालाही खोटी वाटू नयेत.

"नवऱ्याला काय कळतंय?" ती म्हणायची. "मी केस कापून गेले, तर आमच्या ह्यांनी आठवड्यानं विचारलं, बरं नाही का म्हणून!"

बायका हसायच्या, हात हलायचा, की लगेच ओरडायची, "अहो, हलू नका! रंग कोपरापर्यंत न्यायचाय का?"

कामाला मात्र कडक. कुणी खोटं नख ओढून काढून आलं की तिचा पारा चढे. "हे सोलायचं नसतं. याच्याबरोबर खऱ्या नखाचा पापुद्रा निघतो. बघा, कागद झालाय नुसता." मग औषधात भिजवलेला कापूस प्रत्येक बोटाला गुंडाळून, नख मऊ पडेपर्यंत बसवून ठेवायची. जिला घाई असेल तिला परत पाठवायची. मालकीणबाईंना हे रुचत नसे. पण गेलेली बाई चार दिवसांनी थोरलीकडेच येई, म्हणून त्या गप्प बसत.

एकच खोड होती. खोटं नख घडवायचं चिकट जेल कातडीवर ओघळलं, तर ते दिव्याखाली घट्ट व्हायच्या आत पुसावं लागतं. त्याला लाकडी काडी असते, हातात मोजे घालायचे असतात. थोरली उघड्या अंगठ्यानं पुसायची. एकदा इकडून, एकदा तिकडून, कड अशी चोख की बघत राहावं. "काडीला काय डोळे असतात? आणि मोज्यातून नख आहे की खडा तेसुद्धा कळत नाही." धाकटीला तिनंच कामावर आणलं, तिनंच शिकवलं. पण धाकटीनं पहिल्या दिवसापासून मोजे सोडले नाहीत. "आमच्या बाईसाहेबांना ऑपरेशन करायचंय," म्हणून थोरली तिला सगळ्यांसमोर चिडवायची. धाकटी हसून मान खाली घालायची.

मग अंगठ्याचं टोक खाजायला लागलं. थोरलीनं भांड्यांच्या साबणावर खापर फोडलं. पुढं बोटांना भेगा पडल्या. सकाळी पापण्या सुजून डोळे उघडेनात. तिची स्वतःची नखं मुळापासून सुटू लागली, तशी तिनं त्यांवर गडद रंग लावला आणि कामावर गेली. देवापुढं हात जोडले की भेगा ओढल्या जाऊन चरचरायच्या. तिनं देवाकडं बरं होणंही मागितलं नाही. म्हणाली, "हवं तर राहू दे हे, पण दिसू देऊ नकोस."

दिसलं. एके दिवशी मालकीणबाईंनी तिला आत बोलावून रंग पुसायला लावला, बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "आधी डॉक्टरांकडून ये. मगच खुर्चीत बस."

डॉक्टर म्हणाले, "नखांच्या त्या जेलशी तुमच्या अंगाचं वैर झालंय. आता त्याचा थेंब चालणार नाही, घासताना उडणारी भुकटीही नाही."

"मी मोजे घालीन ना."

"पातळ मोज्यातून ते झिरपतं, बाई. आधीपासून काळजी घेतली असती तर कदाचित ही वेळ आली नसती."

"किती दिवस असं?"

"दिवस नाहीत. कायमचं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं धाकटीला गाठलं. "मालकीणबाईंना तू सांगितलंस?"

"हो, ताई."

"मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. दर वेळी म्हणालात, साबणानं झालंय."

"गळ्याला नख लावलंस माझ्या. मी आणलं तुला तिथं, मी!"

धाकटीनं नळ बंद केला. "त्या दिवशी एका बाईच्या बोटाला तुमच्या भेगेतलं रक्त लागलं होतं. मी पुसलं. तिला वाटलं, रंगच आहे. किती दिवस पुसत राहू?"

थोरलीनं दुसरीकडून वार केला. "आणि खुर्ची? तीही पुसूनच घेतलीस ना?"

"मालकीणबाईंनी बसवलं मला. मी नाही म्हटलं असतं, तर बाहेरची कुणीतरी बसली असती. ते बरं वाटलं असतं तुम्हाला?"

खरं तर थोरलीला तेच बरं वाटलं असतं.

नवऱ्यापुढं रडली, तर तो म्हणाला, "घर चाललंय ना? मग तू चालवलंस काय, तिनं चालवलं काय." त्याला खरंच कळेना, ही आणखी का रडतेय. आठवडाभरात सासूबाईंच्या हातचा पहिला चहा धाकटीपुढं जायला लागला. मुद्दाम नव्हे. कामावर जाणारीला आधी, एवढाच त्या घरातला नियम होता. इतकी वर्षं तो थोरलीच्या सोयीचा होता, तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मालकीणबाईंनी दाराजवळ स्टूल दिलं. साधी नखं कापायची, घासायची, तेल चोळायचं. खोट्या नखांना हात लावायचा नाही. पण पार्लरमध्ये येऊन साधी नखं कोण कापून घेतं? तिच्या जुन्या बायका दारातून येताना थांबायच्या. "ताई, बऱ्या आहात ना?" आणि उत्तर ऐकता ऐकता पुढं जाऊन धाकटीसमोर हात पसरायच्या. एकजण जाताना म्हणाली, "हिचीही छान होतात हो. अगदी तुमच्यासारखी." थोरलीला बरं वाटावं म्हणूनच ती तसं म्हणाली होती. त्यातच खिडकीपाशी कानस चालली की दारापर्यंत भुकटी यायची आणि दुपारपर्यंत थोरलीच्या पापण्या सुजायच्या. एका दुपारी ती उठली ती परत गेली नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पलंगावरून पाय खाली सोडले. "आता घरीच आहेस, तर माझी नखं काढ. जाड झालीत, वाकवत नाही मला."

थोरलीनं कोमट पाण्यात त्यांचे पाय भिजवले. पुसले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. नख मऊ झाल्यावर सरळ कापलं, कोपरे आत घेतले नाहीत, म्हणजे मांसात रुतत नाहीत. वरचा जाड थर हळूहळू घासून उतरवला. तिच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"हात हलका आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कुठं होतीस?"

"कामाला," थोरली म्हणाली आणि तिनं त्यांचा दुसरा पाय पुढं ओढला.