गंधकाचा वास

नाणं हातात दिलं की वाघमारे मास्तर आधी त्याचा वास घ्यायचे. भिंग नंतर. एस.टी.त कंडक्टर म्हणून उभी हयात घालवलेला, निवृत्तीनंतरही खाकी शर्टच घालणारा हा माणूस राणीछाप रुपया नाकाशी धरून डोळे मिटायचा, जसं काही बाजारात खरबूजच निवडतोय! आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर.

भवानी पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी शटर अर्धं वर असायचं आणि पायरीवर नाणी जमवणारी मंडळी बसायची. चहा माझा, अक्कल त्यांची. चांदीच्या जुन्या रुपयावर वर्षानुवर्षं हवा लागून रंग चढतो. कडेला निळा, मग जांभळा, आत येता येता तांबूस, आणि मधोमध मधासारखा. शौकीन लोक त्यावर जीव टाकतात, म्हणून काही दिवटे गंधकाची धुरी देऊन चार दिवसांत तोच रंग चढवतात. यातला खरा कुठला आणि केलेला कुठला, हे सांगावं तर आमच्यात मास्तरांनीच.

"रंग आलेला हाय का आणलेला, एवढंच बघायचं," ते म्हणायचे. "आलेला कडंनं येतो, दमादमानं. अक्षराच्या आडोशाला थांबतो. आणलेला सगळीकडं एकदम बसतो, रिकाम्या गाडीत घुसलेल्या पासिंजरावानी."

मी एकदा हौसेनं घेतलेला रुपया त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हुंगला आणि परत दिला. "ताई, हे परवा उकडलेल्या अंड्याशेजारी झोपलं हुतं." मला असा राग आला म्हणता! त्या रविवारी त्यांना चहा दिला नाही. मग विकणाऱ्याला फोन करून झापलं, तर त्यानं फोनच ठेवून दिला. पुढच्या रविवारी मास्तरांना चहाबरोबर बिस्किटंही दिली. ते म्हणाले, "बिगरतिकिटाचा माणूस मी कधी गाडीत बसू दिला न्हाय. नाणं कसं बसू दीन?"

पायरीच्या अगदी टोकाला नरसय्या बसायचे. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा सूत रंगवायचा छोटा धंदा होता. नखं कायम काळीनिळी. बोलणं जवळजवळ नाहीच. येताना सगळ्यांसाठी खारी आणायचे आणि दुसऱ्यांची नाणी बघत बसायचे. इतक्या वर्षांत स्वतःचं एकही नाणं त्यांनी दाखवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी एका मंगल कार्यालयात प्रदर्शन भरवलं. दाराशी टेबल टाकून मास्तरांना बसवलं होतं. त्यांनी पास केल्याशिवाय नाणं काचेखाली जायचं नाही, असा नियमच होता. नरसय्या आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सुनेला बरोबर घेऊन. सुजातानं वळणदार अक्षरात कार्ड लिहून आणलं होतं, 'आईची ठेव'. नरसय्यांनी फडकं सोडलं. सात रुपये. काय रंग होता! मोराच्या गळ्यासारखा. आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो.

मास्तरांनी वास घेतला. कपाळाला आठी पडली. "गंधक." मग भिंग लावलं. बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "रंग कडंनं आल्यावानी दिसतोय खरा. पण वास खोटं बोलत न्हाय. आणलेला हाय."

"मास्तर, आईचे आहेत," नरसय्या म्हणाले. "मी हातसुद्धा नाही लावला."

"तुझा धंदाच रंगाचा हाय की रं."

सगळे खदाखदा हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू? नरसय्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. सातही रुपये एकेक करून फडक्यात बांधले, सुनेच्या हातातलं कार्ड घेऊन खिशात ठेवलं आणि निघून गेले. त्या दिवसापासून पायरीवर त्यांचं नाव 'रंगारी' पडलं. ते मात्र पुन्हा पायरीवर आले नाहीत. बोलवायला आमच्यापैकी कुणी गेलंही नाही.

आठ महिन्यांनी ते हृदयविकारानं गेल्याचं कळलं. मी आणि मास्तर भेटायला गेलो. त्यांच्या गल्लीत वळलो तोच कुजक्या अंड्यासारखा वास नाकात शिरला. मास्तर चालता चालता थांबले. मला वाटलं, दम लागला.

घरात बसलो. शेडची आणि देवघराची भिंत एकच. देवळीत एक चांदीचं निरांजन होतं. मास्तर उठले, "हात लावू का?" म्हणाले आणि ते उजेडात धरलं. कडेला निळं, मग जांभळं, आत मधासारखं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हे कुणी रंगवलं?"

"कोण रंगवतंय?" सुजाता म्हणाली. "मागं शेडमध्ये सुताची डाय शिजते ना, गंधकाची, त्याची वाफ. हितं चांदी टिकतच नाही बघा. घासून घासून हात दुखायले, मग सोडून दिलं."

"आन् ते रुपये कुटं असायचे?"

"तिथंच की. निरांजनाच्या मागं, फडक्यात. आजीसासूबाई होत्या तेव्हापासून."

मास्तरांनी रुपये बघायला मागितले. तिनं फडकं आणून सोडलं, आणि मी तोंडावर हात ठेवला. सातही रुपये पांढरेफटक, घासलेल्या पेल्यासारखे. राणीच्या चेहऱ्यावर ओरखडेच ओरखडे.

"प्रदर्शनातून आले त्याच दिवशी," ती म्हणाली. "चपलासुद्धा काढल्या नाहीत. चिंच आणि राख घेऊन बसले. मी सासऱ्यांना म्हटलं, मामय्या, राहू द्या हो. म्हणाले, लोकांना आईचा रंग खोटा वाटतोय, तर तो नकोच."

परतताना मास्तर रिक्षात बसेनात. चालतच राहिले. चौकात आल्यावर म्हणाले, "तिकीट असलेल्या माणसाला मी गाडीतनं उतरवलं, ताई."

पुढच्या रविवारी ते पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नरसय्याचा रंग आलेला हुता. चूक माजी झाली." कुणीतरी चहाचा घोट घेत म्हणालं, "असू द्या हो मास्तर, कोण धरून बसलंय? रंगारी गेला बिचारा." लगेच विषय बदलला. मास्तर भिंग माझ्या काउंटरवर ठेवून घरी गेले. त्यानंतर त्यांनी कुणाचंही नाणं हातात घेतलं नाही.

रुपये त्याच फडक्यात, त्याच देवळीत ठेवायला त्यांनी सुजाताला सांगितलं होतं. "येईल रंग. येळ लागंल." महिन्यातून एकदा चालत जायचे, फडकं सोडून बघायचे, परत बांधायचे. दिवाळीच्या आत नरसय्यांच्या मुलानं डायचं काम बंद केलं आणि शेड गोदामाला भाड्यानं दिली. वाफ गेली, वास गेला. आता रंग कुठून येणार? हे मास्तरांना कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तरी जायचे. मला ते बघवत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. त्यांच्याऐवजी रुपये बघायला मी जायला लागले. मी भेटायला गेले तेव्हा आवाज खोल गेला होता.

"नरसय्याकडं जाऊन आलीस?"

आदल्याच दिवशी जाऊन आले होते. सातही रुपये होते तसेच पांढरे. पण त्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना.

"आले ना," मी म्हटलं. "कडेला निळसर दिसायला लागलंय, मास्तर. सातही रुपयांवर."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. रविवारी एखाद्याच्या रुपयाकडे बघायचे, तसंच.

"आणलेला हाय, ताई," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.