फायनलपर्यंत थांब

माझे भावोजी ऑकलंडला येण्याआधी चार वर्षं कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होते. ताई म्हणायची, तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, पाठदुखी आणि बेसबॉलचं वेड. इथे क्रिकेट आणि रग्बी सोडून बेसबॉल बघायला जाणारी माणसं मूठभर, पण भावोजींनी एक मैदान शोधून काढलं आणि आम्हाला सगळ्यांना ओढत तिकडे न्यायला सुरुवात केली.

ताई टाकानिनीला राहते, आम्ही न्यू लिनला, शहराच्या दोन टोकांना. उन्हाळ्यातला रविवार ठरलेला असायचा. सकाळी अवोन्डेलच्या बाजारात भेटायचं, भाजी घ्यायची आणि तिथून थेट मॅचला. ताई आणि मी बाकावर मेथी निवडत बसायचो. दोन वर्षं मला नियम कळले नाहीत. बॉल लांब गेला की मी "सिक्स!" म्हणून ओरडायचे आणि पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. भाची तेव्हा सात वर्षांची होती. ती माझ्या मांडीला रेलून मला समजावायची, "मावशी, इट्स कॉल्ड होमरन." आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मला मूल नाही. त्या वजनाची आणि त्या केसांच्या वासाची मला सवय झाली होती.

पुढे ती स्वतःच खेळायला लागली. टीममध्ये ती एकटी मुलगी, आणि तीही पिचर. बॉल टाकण्याआधी ती टोपी खाली ओढायची आणि आमच्या बाकाकडे एकदा बघून घ्यायची. आम्ही चौघंही तेव्हा श्वास रोखून बसायचो. माझा नवरा एरवी सोफ्यावरून न हलणारा, तोही घसा बसेपर्यंत ओरडायचा. आम्ही एकही मॅच चुकवली नाही. लग्नाच्या आमंत्रणांना नाही म्हणालो, मंडळाच्या मिटिंगांना उशिरा गेलो.

ती पंधरा वर्षांची असताना आई पुण्यात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्हाला भाऊ नाही, बाबा आधीच गेलेले. आम्ही पाळ्या लावल्या. ताई फार्मसीतून रजा घेऊन दोन महिने राहून आली. मग माझी पाळी होती. आईची काळजी घ्यायला एक बाई ठेवलेली होती, ती मायेनं करायची. आई वॉकर धरून बाल्कनीपर्यंत चालायला लागली होती.

ताई परत आली त्याच आठवड्यात भाचीची टीम फायनलला पोचली. मी तिकीट बघत होते.

ताई फोनवर म्हणाली, "अगं, आई बरी आहे आता. फायनलपर्यंत थांब. सोमवारी नीघ."

मी म्हणाले, "नक्की ना?"

"मी आत्ताच बघून आले ना तिला. पोरगी विचारतेय, मावशी आहे ना म्हणून."

मी सोमवारचं तिकीट काढलं.

त्या रविवारी मी फोन स्टँडवर लावून भाचीचं खेळणं रेकॉर्ड करत होते. मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून मी तो एअरप्लेन मोडवर टाकला होता. आईला दाखवायचं होतं ना. ताईचा फोन गाडीत चार्जिंगला होता. नवऱ्यांचे नंबर त्या बाईंकडे नव्हते.

आम्ही जिंकलो. भाचीला पोरांनी उचलून घेतलं. ताई फोटो काढायला फोन आणायला गेली आणि परत आलीच नाही, म्हणून मी बघायला गेले. ती गाडीचं दार उघडं ठेवून सीटवर आडवी बसली होती, पाय बाहेर, फोन कानाला. त्यावर अकरा मिस्ड कॉल होते. माझ्या फोनवर किती येऊन गेले असतील, ते मला कधीच कळलं नाही.

त्या बाई रडत सांगत होत्या. पुण्यात नुकतंच उजाडलं होतं, पहाटेपासून आईंना दम लागला होता. शेजारच्यांनी गाडी काढली. "दोन्ही पोरींना लाव म्हणत होत्या हो. मी लावत होते, लावत होते..." हॉस्पिटलच्या दारात आई गेली.

तेवढ्यात भाची गळ्यात मेडल घालून धावत आली. "मावशी, डिड यू गेट द लास्ट वन ऑन व्हिडिओ?" मी तिला जवळ घेतलं. माझ्या खांद्याला तिचं मेडल टोचत होतं.

माझा नवरा मागे राहिला, बाकी आम्ही पुण्याला गेलो. दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी ताई आणि मी आईचं कपाट आवरत होतो. भाची शेजारच्या खोलीत होती, दार उघडंच होतं. ताई आईच्या एका साडीची घडी घालत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "शेवटी एकटीच होती गं ती."

ती मला बोलली नव्हती. आज मला ते स्वच्छ कळतं. पण दोन आठवडे माझ्या आत जे कुजत होतं ते वर आलं.

"थांब कोण म्हणालं होतं?" मी म्हणाले. "तूच ना? तुझ्या लेकीच्या मॅचसाठी थांबले मी. नाहीतर आई अशी गेली नसती."

ताईनं साडी खाली ठेवली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ नळ वाहत राहिला.

परत आल्यावर आम्ही फोनवर बोलायचो, पण जेवण झालं का, थंडी किती आहे, एवढंच. सीझन सुरू झाला. मी ताईला मेसेज केला, कितीला भेटायचं? तिचं उत्तर आलं की भाचीनं खेळणं सोडलंय, दहावी-अकरावीचा अभ्यास असतो. मी आणि माझा नवरा एकदा जाऊन आलो. तिसऱ्या इनिंगला तोच म्हणाला, "चल, जाऊ या."

आईला जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या ऑक्टोबरात मी न कळवता टाकानिनीला गेले. दार भाचीनं उघडलं. उंच झाली होती. ताई दुकानात गेली होती. मी विचारलं, "का गं सोडलंस? तुझा हात किती छान होता."

ती दाराला टेकून उभी राहिली. "आय अंडरस्टँड मराठी, मावशी. यू नो दॅट."

मला आधी अर्थ लागला नाही. मग पुण्यातलं ते उघडं दार आठवलं.

मी तिथेच, चपला काढायच्या जागेवर, तिला सांगितलं की तुझा काही संबंध नव्हता. मी मोठी बाई होते, तिकीट माझं होतं, मला स्वतःला मॅच बघायची होती. मी खोटं बोलले तुझ्या आईला. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या दंडावर हात ठेवला, मोठ्या माणसानं लहानाच्या ठेवावा तसा. "इट्स ओके," म्हणाली आणि खोलीत गेली.

ताई आली तेव्हा मी ओट्याशी उभी होते. तिनं पिशव्या ठेवल्या, चहा टाकला. मी म्हणाले, "ताई, मी माझ्या मनानं थांबले होते."

"माहितीये मला."

"पोरीला सांगितलं आत्ता."

ताईनं गॅस बारीक केला. "काय म्हणाली?"

"इट्स ओके म्हणाली."

ताईनं दोन कपांत चहा गाळला, एक माझ्याकडे सरकवला. "मीही किती वेळा सांगून बघितलं. मलाही तेच म्हणते," ती म्हणाली.