जहाजावरचे अर्धे दिवे

"बघा, त्यांचं ख्रिसमस ट्री विझलं," रेडिओपाशी बसलेली बाई म्हणाली आणि तिने हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

ती माझ्याशी बोलत नव्हती. पुलाच्या कंट्रोल रूममध्ये ती होती, तिचे साहेब होते आणि कोपऱ्यात मी. वाऱ्याचा वेग नोंदवणारा एक कंप्युटर इंग्लंडमधल्याच ब्रॅकनेल गावच्या आमच्या कंपनीने तिथे बसवला होता. तो नीट चालतोय ना, हे बघायला मला पाठवलं होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष. दूध किती, साखर किती, एवढंच त्या दोघांनी मला विचारलं होतं आणि मीही त्यापलीकडे काही बोलले नव्हते.

मी खिडकीबाहेर पाहिलं. डिसेंबर असल्यामुळे दुपारीच अंधारून आलं होतं. एक मालवाहू जहाज बंदरातून नदीवाटे समुद्राकडे निघालं होतं, आमच्या पुलाखालून जाणार होतं. मघापर्यंत ते दिव्यांनी नुसतं लखलखत होतं. आता तिथे एक काळा आकार होता आणि तो पुलाकडे सरकत होता.

साहेबांनी पुलाच्या दोन्ही टोकांची फाटकं पाडली. पुलावर असलेल्या गाड्या निघून गेल्या, मागे रांगा लागल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

"आमचं सगळंच गेलेलं दिसतंय," जहाजाला नदीतून वाट दाखवणारा पायलट रेडिओवर म्हणाला. बसमध्ये छत्री विसरल्याचं सांगावं तसा आवाज. बाईने ते बंदराच्या ऑफिसला कळवलं, जहाज ओढून नेणाऱ्या टग बोटी निघाल्याचं उत्तर आलं, आणि मग तिने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे धरला.

मी बिस्किट घेतलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता. पण घाबरायचं की नाही, तेवढं कळेना. एवढं मोठं जहाज ओहोटीबरोबर वाहत येऊन पुलाच्या खांबाला लागलं, तर वरचा रस्ता राहील का? म्हणून तर फाटकं पाडली असणार. मग हे दोघं इतके शांत कसे? की असं इथे दर आठवड्याला होतं?

तेवढ्यात जहाजावर दिवे लागले.

"आले बाई एकदाचे," ती म्हणाली. पायलटही तेच म्हणाला, "दिवे आलेत."

"छान. लोकांना घरी जाऊ दे, चहाची वेळ झाली," असं म्हणत साहेबांनी फाटकांच्या बटणाकडे हात नेला.

मी अजून जहाजाकडेच बघत होते. सगळे दिवे आले नव्हते. केबिनच्या खिडक्या उजळल्या होत्या, वर एक-दोन दिवे होते, पण मघाशी डेकवर झगझगत होते ते मोठे दिवे बंदच होते. शिवाय जहाज तसंच, जरासं तिरकं, आमच्याकडे येत होतं. हे या दोघांना दिसत नव्हतं, की दिसूनही त्यात काही विशेष नव्हतं? जहाजातलं मला काय कळतं? मी आयुष्यात कधी बोटीत बसलेले नव्हते. हा पूल त्यांचा, नदी त्यांची. उगीच काहीतरी बोलायचं आणि ब्रॅकनेलला फोन जायचा, की तुमची मुलगी आम्हाला शिकवते.

"एक्स्क्यूज मी," मी म्हटलं. ते माझं मलाच ऐकू आलं असावं.

बटणावरचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"त्यांचं इंजिन सुरू झालंय का, ते विचारा ना!"

दोघंही वळले. साहेबांचा हात तिथेच थांबला. बाईने माझ्याकडे नीट पाहिलं, मग रेडिओ उचलून तोच प्रश्न विचारला.

"नाही," पायलट म्हणाला. "इंजिन नाही. वाहतोच आहोत."

साहेबांनी झाकण बंद केलं. फाटकं तशीच राहिली. जहाज खांबाच्या किती जवळून गेलं कोण जाणे, मला तरी मधे पाणी दिसलं नाही. पुढे टग बोटींनी त्याला धरलं आणि खूप वेळाने गाड्या सुटल्या.

साहेबांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा केला.

"जहाजावर काम केलंयस का पोरी?"

"नाही."

"मग तुला कसं सुचलं ते?"

ऑफिसात मुलं हसत विचारायची, तुमच्या इंडियात वीज असते का गं? मी "म्हणजे काय!" म्हणायचे आणि विषय बदलायचे. घरचं काहीही मी तिथे कुणाला सांगत नसे. पण आता दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझ्या वडिलांचं पुण्याला छोटं हॉस्पिटल आहे," मी म्हटलं. "तिथे लाईट सारखी जाते. जनरेटर लावला की फक्त ऑपरेशन थिएटरमधले आणि जिन्यातले दिवे लागतात, आणि पेशंटचे नातेवाईक 'आली, आली' म्हणून ओरडतात. लिफ्ट मात्र बंदच असते. नवीन माणूस असला, की तो आत जाऊन बटण दाबत उभा राहतो."